कार्पल टनेल: मनगटाला जोर नको, जागा हवी

मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झालेली असतात. हात झटकला की जरा बरं वाटतं. अशी तक्रार घेऊन कुणी आलं की फिजिओथेरपिस्ट हमखास करंगळीची चौकशी करतात. करंगळी ठणठणीत असेल तर संशय कार्पल टनेलवर, म्हणजे मनगटातल्या चिंचोळ्या बोगद्यावर जातो, कारण तिथे दबणारी मीडियन नस करंगळीपर्यंत जातच नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढाच तिचा इलाका.

मनगटातली आठ छोटी हाडं मिळून एक खोलगट कमान करतात आणि तिच्यावर एक जाड, सहसा न ताणणारं लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) आडवं बसलेलं असतं. या चिंचोळ्या बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या ९ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) जातात आणि त्यांच्यासोबत ही एकटी नस. कंडरांभोवतीचं आवरण सुजलं की बोगद्यातला दाब वाढतो. निरोगी मनगट सरळ असताना हा दाब साधारण १० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा कमी असतो. तो ३० च्या घरात गेला की नसेचा रक्तपुरवठा मंदावू लागतो. मनगट मुडपलं किंवा मागे वळवलं की तो आणखी चढतो, आणि झोपेत मनगट मुडपून हात उशीखाली घ्यायची सवय तर कितीतरी जणांना असते.

म्हणून उपचाराची सुरुवात बहुधा रात्रीच्या स्प्लिंटने, म्हणजे मनगट स्थिर धरणाऱ्या आधारपट्ट्याने होते. दिसायला अगदीच साधा उपाय, पण तो किमान सहा आठवडे नेमाने करावा लागतो. इथे एक बारीकशी गोष्ट हमखास नजरेतून सुटते. तयार मिळणाऱ्या बऱ्याच स्प्लिंटमध्ये धातूची पट्टी असते आणि ती मनगट थोडं मागे वळेल अशी वाकवलेली असते. आपल्याला मनगट हवं सरळ. बहुतेक स्प्लिंटमधली ही पट्टी बाहेर काढता येते, ती थेरपिस्टकडून सरळ करून घ्यावी. पट्टे करकचून आवळायचे नाहीत, नाहीतर बाहेरूनच दाब पडायचा.

दिवसा व्यायाम. कंडरांसाठी बोटं आधी ताठ सरळ ठेवायची, मग फक्त वरचे सांधे दुमडून आकडा करायचा, पुन्हा सरळ, मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ. सगळं सावकाश. नसेच्या व्यायामात मुठीपासून सुरुवात करून बोटं उघडायची, मनगट हलकेच मागे न्यायचं, मग अंगठा बाहेर काढायचा. उद्देश नस ताणण्याचा नाही, तिला आजूबाजूच्या ऊतींमधून मोकळेपणाने सरकू देण्याचा आहे. मुंग्या वाढल्या की तिथेच थांबायचं. ‘दुखेल तेवढा फायदा’ हा हिशेब नसेच्या बाबतीत साफ चुकतो.

रबरी चेंडू दाबत बसण्याचा सल्ला तर सर्रास दिला जातो. मूठ घट्ट आवळली की तळहातातले लंब्रिकल नावाचे छोटे स्नायू बोगद्यात ओढले जातात, म्हणजे आधीच्या गर्दीत आणखी भर. त्रास चालू असताना चेंडू बाजूलाच ठेवलेला बरा.

अल्ट्रासाउंड, लेझर, टेपिंग यांनी काहींना आराम पडतो, पण पुरावा तसा तोकडाच. हातांनी केलेल्या उपचारांची बाजू त्या मानाने बरी आहे. स्पेनमध्ये १०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या जणींवर शस्त्रक्रिया झाली. उरलेल्यांना हातावर आणि मानेपर्यंत नसेच्या वाटेवर मॅन्युअल थेरपीची तीन सत्रं मिळाली. पहिल्या महिन्यात थेरपीचा गट पुढे होता आणि वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच होते. एका चाचणीवरून शस्त्रक्रिया मोडीत काढता येत नाही, पण सौम्य ते मध्यम त्रासात आधी थेरपी करून पाहायला काहीच हरकत नाही.

मधुमेह किंवा थायरॉइडची कमतरता असेल तर तिचे उपचारही सोबत हवेत. गरोदरपणातला त्रास मात्र बाळंतपणानंतर बहुतेकींचा आपोआप ओसरतो.

अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर मांसल उंचवटा असतो. दोन्ही हात शेजारी धरून पाहा. दुखऱ्या हाताचा उंचवटा बसलेला दिसला, बधिरपणा दिवसभर राहू लागला, शर्टाची बटणं लावताना बोटं फसू लागली, तर व्यायामावर विसंबून राहू नका. नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून संदेश नीट जातो का हे पाहणारी) करून सर्जनला दाखवा. फार काळ दबलेल्या नसेवरचा दाब काढला तरी वाळलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नाही.