हायनोडॉनची फिरणारी दाढ

प्रागैतिहासिक प्राण्यांवरील चित्रफितींमध्ये हायनोडॉन या नामशेष झालेल्या मांसभक्षक सस्तन प्राण्याची ओळख बहुतेक वेळा ‘तरसाचा महाकाय पूर्वज’ अशी करून दिली जाते. प्रत्यक्षात तरसाशी त्याचे असे कोणतेही नाते नव्हते, आणि या प्रजातीतील (म्हणजे अनेक जातींचा समावेश असलेल्या ‘जीनस’मधील) काही जाती सिंहाच्या तोडीच्या असल्या तरी काही जेमतेम कोल्ह्याएवढ्या होत्या. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीपासून पुढे २ कोटींहून अधिक वर्षे हे प्राणी आशिया, युरोप आणि उत्तर अमेरिकेत शिकार करत होते.

तरसाशी नाते नाही, हे दातांवरून स्पष्ट होते. कुत्रा, मांजर, तरस या आजच्या मांसभक्षकांत मांस कापण्याचे काम वरची शेवटची उपदाढ (सुळा आणि दाढा यांच्यामधल्या दातांपैकी शेवटचा) आणि खालची पहिली दाढ यांची जोडी करते. हायनोडॉनमध्ये तेच काम वरची दुसरी दाढ आणि खालची तिसरी दाढ करत असे. ही जोडी जबड्याच्या सांध्याच्या अधिक जवळ असल्यामुळे तिथे चाव्याचा जोर जास्त मिळे.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती या दाढांची हालचाल. तोंड मिटताना खालच्या दाढेची बाहेरची बाजू वरच्या दाढेच्या आतल्या बाजूला घासत वर सरकते. या घर्षणाने दाढांच्या कापणाऱ्या कडांना, म्हणजे पात्यांना धार येते, पण त्याच घर्षणाने दोन्ही पाती झिजतात आणि त्यांच्यात फट पडू लागते. स्क्रू सैल झालेल्या कात्रीत कापड कापले न जाता दुमडते, तसेच मग मांसाचे होणार. आजचे मांसभक्षक चावताना खालचा जबडा किंचित बाजूला सरकवून ही फट भरून काढतात. हायनोडॉनच्या बाबतीत वेगळा उपाय दिसतो. जीवाश्मांचे अभ्यासक जेम्स मेलेट यांनी १९६९ मध्ये निरनिराळ्या वयाच्या कवट्या ताडून दाखवून दिले की, त्याच्या वरच्या दाढा जबड्याच्या लांबीला समांतर अशा अक्षाभोवती आयुष्यभर हळूहळू आतल्या बाजूला कलत असत, त्यामुळे झिजलेले पाते पुन्हा खालच्या पात्याला भिडे आणि म्हातारपणीही दाढा कापत्या राहत. चित्रफितींतील रक्ताच्या चिळकांड्यांपेक्षा हाडात पक्क्या बसलेल्या दाताची ही संथ हालचाल कितीतरी अधिक थरारक आहे.

या रचनेला एक मर्यादाही होती. आजच्या मांसभक्षकांत कापणाऱ्या जोडीच्या मागे आणखी दाढा येऊ शकतात, आणि त्या चपट्या होऊन अस्वलासारखा मिश्राहारी प्राणी घडू शकतो. हायनोडॉनच्या दाढा मात्र कापण्यासाठीच घडलेल्या होत्या. दळण्याचे काम देता येईल अशी दाढ मागे उरली नव्हती. म्हणून हायनोडॉन आणि त्याच्या नातलगांचा हा गट बदलत्या परिस्थितीत मागे पडला, असे काही अभ्यासक मानतात. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते, कारण याच दाढांवर ही प्रजाती २ कोटींहून अधिक वर्षे टिकली, आणि ती नष्ट झाल्यानंतरही तिच्या गटातील डिस्सॉप्सॅलिस हा प्राणी हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांच्या परिसरात दीर्घकाळ तग धरून होता.