‘विजयकमान’ या नावामागे

रोममधल्या प्राचीन चौकाच्या, म्हणजे रोमन फोरमच्या, एका टोकाला, कोलोसियमकडे जाणाऱ्या चढावर, सम्राट टायटसची कमान आहे. आत शिरलं की दोन्ही भिंतींवर दोन शिल्पपट दिसतात. एका भिंतीवर इ.स. ७० मध्ये जेरुसलेमच्या मंदिरातून लुटलेला सात शाखांचा दीप आणि कर्णे खांद्यावर घेऊन माणसं निघाली आहेत. ओझ्याने रांग किंचित पुढे झुकली आहे. समोरच्या भिंतीवर चार घोड्यांच्या रथात टायटस, आणि विजयदेवता त्याच्या डोक्यावर मुकुट धरते आहे. हे पाहिल्यावर ‘विजयकमान’ याखेरीज दुसरं नाव सुचतच नाही.

आता मान वर करून पाहा. छताच्या मधोमध एक गरुड टायटसला पाठीवर घेऊन आकाशात चालला आहे. बाहेरचा मूळ लेखही छोटा आहे: सिनेट आणि रोमन जनतेकडून, देवपदाला पोचलेल्या टायटसला. युद्धाचा, शत्रूचा, विजयाचा त्यात उल्लेख नाही. टायटस इ.स. ८१ मध्ये वारला आणि कमान त्यानंतर, धाकट्या भावाच्या कारकिर्दीत झाली. म्हणजे मुळात हे मृत सम्राटाचं स्मारक आहे.

घोटाळा शब्दाचा आहे. रोममध्ये विजययात्रा, म्हणजे जिंकून परतलेल्या सेनापतीची शहरातून निघणारी मिरवणूक, हा काटेकोर सन्मान होता. त्यासाठी सिनेटची परवानगी लागे. कमान मात्र त्या परवानगीला बांधलेली नव्हती, आणि याचा पुरावा अगदी सुरुवातीलाच मिळतो. इ.स.पू. १९६ मध्ये हिस्पानियाहून (आजच्या स्पेनकडून) परतलेल्या एका सेनापतीने खजिन्यात चांदी भरली, विजययात्रेची मागणीही केली नाही, आणि लुटीच्या पैशातून तीन कमानी बांधून त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेले पुतळे बसवले. आपल्याला माहीत असलेल्या पहिल्या रोमन कमानी याच. म्हणजे विजययात्रा न काढलेल्या माणसाच्या!

कमानीसाठी तेव्हाचा लॅटिन शब्द होता ‘फॉर्निक्स’. पुढे ‘आर्कुस’ रूढ झाला. त्याचा मूळ अर्थ धनुष्य. आपला ‘कमान’ हा शब्दही फारसीतून धनुष्य या अर्थानेच आला, त्यामुळे मराठीत ही जोडी नेमकी बसते. अडचण ‘विजय’ या उपपदाची आहे. इटलीतल्या रिमिनीची इ.स.पू. २७ ची कमान सम्राट ऑगस्टसने रस्ते दुरुस्त केले म्हणून उभी राहिली. पहिल्या शतकातल्या एका लेखकाने स्तंभ आणि कमानी यांचा उद्देश स्पष्ट सांगून ठेवला आहे: माणसाला इतर मर्त्यांहून वर उचलणं. मला हीच व्याख्या सर्वांत प्रामाणिक वाटते.

स्वतःच्या लेखात विजययात्रांचं नाव घेणारी कमान म्हणजे सम्राट कॉन्स्टंटाइनची, इ.स. ३१५ ची. पण तो विजय रोमन प्रतिस्पर्ध्यावरचा, ३१२ च्या यादवी युद्धातला. तिच्यावरची बरीचशी शिल्पंही ट्राजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस यांच्या स्मारकांतून आणलेली आहेत. काही चेहरे नव्याने कोरून त्या जुन्या सम्राटांचा कॉन्स्टंटाइन केला आहे.

मध्ययुगात टायटसची कमान एका सरदार घराण्याच्या गढीत चिणली गेली. १८२० च्या दशकात ती सुटी करून पुन्हा उभारताना हरवलेले भाग संगमरवराऐवजी ट्रॅव्हर्टाइन या वेगळ्या दगडात घडवले. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, हे आजही साध्या डोळ्यांना कळतं. त्यावर तेव्हा टीका झाली. माझ्या मते निर्णय योग्य होता. त्याच सुमारास पॅरिसमध्ये १८०६ ला सुरू झालेली प्रचंड कमान १८३६ मध्ये पूर्ण झाली आणि तिच्या नावातच ‘विजय’ होता. आज रोमकडे पाहतानाही तोच शब्द आधी ओठांवर येतो.

टायटसची खरीखुरी विजयाची कमान वेगळीच होती. ती सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतींच्या मैदानाच्या टोकाला होती. तिच्यावरचा लेख एका मध्ययुगीन हस्तलिखितात उतरवलेला असल्यामुळे आपल्याला वाचता येतो. टायटसपूर्वी जेरुसलेम कोणाही सेनापतीला, राजाला किंवा राष्ट्राला घेता आलं नव्हतं, असं तो सांगतो. पण रोमन सेनापती पाँपेने ते इ.स.पू. ६३ मध्येच घेतलं होतं. ती कमान पडली. अलीकडच्या उत्खननात तिच्या खांबांचे तुकडे मिळाले.