आंबेहळद हे हळदीचे वाण नव्हे

हळदीच्या वाणांची कुठलीही यादी घ्या. सेलम, राजापुरी, प्रतिभा झाले की खाली आंबेहळद आणि काळी हळद असतातच. अशी यादी पाहिली की मला राहवत नाही. सेलम आणि राजापुरी ही एकाच प्रजातीची, कुरकुमा लोंगाची वाणे. आंबेहळद म्हणजे कुरकुमा अमाडा, काळी हळद म्हणजे कुरकुमा सीझिया. वंश एक, पण प्रजाती तीन. आले तर वंशानेही वेगळे, फक्त कुळ तेच.

रंगावासाचा फरक कंद कापला की कळतो. आंबेहळद आतून फिकट असते आणि तिला कैरीचा वास येतो. तो तिच्याच तेलातल्या द्रव्यांचा. आंब्याशी तिचे काही नाते नाही.

पहिली गफलत होते ती बियांबद्दल, आणि तिचे मूळ आहे गुणसूत्रांत, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक माहितीच्या धाग्यांत. आंबेहळदीत ती 42, हळदीत 63. या वंशाचा मूळ संच 7 गुणसूत्रांचा धरला, तर आंबेहळदीत सहा संच होतात आणि हळदीत नऊ. सहांच्या जोड्या लागू शकतात. नऊ विषम, त्यामुळे परागकण आणि बीजांडे तयार होताना गुणसूत्रांची सारखी वाटणी होत नाही आणि बी क्वचितच धरते. म्हणून हळद कंदानेच लावतात, आणि कंदापासून आलेले झाड म्हणजे आधीच्याच झाडाची प्रत. वाणांमधला फरक आला तो तुरळक उत्परिवर्तनांतून (आनुवंशिक माहितीत आपोआप झालेल्या बदलांतून), माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या बेण्यातून आणि अधूनमधून धरलेल्या एखाद्या बियेतून. ‘हळदीला बी येतच नाही’ हेही मग चुकीचेच. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेची प्रभा आणि प्रतिभा ही वाणे बियांपासून उगवलेल्या रोपांतूनच निवडलेली आहेत.

दुसरा गोंधळ कुरकुमिनचा, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्याचा. एकच बेणे दोन ठिकाणी लावले, तर माती-हवामानाने कुरकुमिनचे प्रमाण बदलते. तेवढ्यावरून नवे वाण सापडल्याचे जाहीर करू नये. दोन्ही बेणी एकाच शेतात शेजारी लावा. फरक टिकला तरच पुढे बोला.

प्रजाती मिसळल्या की आनुवंशिक विविधतेचा हिशेबही फसतो. सेलमच्या अनेक नमुन्यांत आंबेहळदीचा एक घातला, तरी आकडा फुगतो आणि हळदीत भरपूर वैविध्य असल्याचा भास होतो. तो एक काढला की उरतात बहुतांशी जवळजवळ सारख्या प्रती. त्या प्रतींमध्येही जे थोडे वेगळेपण आहे, ते बियांच्या पेढीत साठवता येत नाही. बियांतून मूळ वाण जसेच्या तसे परत मिळत नाही, म्हणून प्रत्येक वाणाचे कंद दरवर्षी शेतात लावून किंवा ऊतिसंवर्धनाने (प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून रोप वाढवून) जिवंत ठेवावे लागतात.