काउंटी जत्रेतलं मुलांचं जनावर आणि विक्रीचा नियम

अमेरिकेतल्या काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जत्रेत शाळकरी मुलांनी वाढवलेली मेंढरं, बोकड, डुकरं आणि गोऱ्हे लिलावात उभे राहतात, तेव्हा ते जनावर नक्की कोणाचं असतं? कॅलिफोर्नियातल्या शास्ता काउंटीत २०२२मध्ये एका बोकडावरून हा प्रश्न कोर्टात गेला आणि बातम्यांमधून जगभर पोचला. मुळात तो फार जुना आहे. मुलांना जत्रेत उतरवायची पद्धत सुरू झाली तेव्हापासून तो वेगवेगळ्या रूपांत डोकं वर काढत आला आहे.

जत्रा त्याहून जुन्या. १८०७मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात एका जमीनमालकाने दोन मेरिनो मेंढ्या चौकात बांधून लोकांना दाखवल्या, आणि त्यातून पुढच्या तीन-चार वर्षांत गुरांचं वार्षिक प्रदर्शन उभं राहिलं. अमेरिकेतल्या शेतकी जत्रांची सुरुवात साधारण तिथून धरतात. तिथे उतरणारी माणसं मोठी होती, बक्षिसं मोठ्यांची होती. आपल्याकडे नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत देवणी आणि लाल कंधारी वळू दाखवायला आणतात, तसंच. पोरं असायची, पण कासरा धरायला.

मुलं मध्ये आली ती मोठ्यांशी जमेना म्हणून. १८६२च्या कायद्याने राज्याराज्यांत शेतकी महाविद्यालयं निघाली, १८८७पासून प्रयोगशेतांना केंद्राचा पैसा मिळू लागला, पण तिथलं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत जाईना. पुस्तक वाचून नांगर धरणाऱ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. इलिनॉयमधल्या एका काउंटीत शेतकरी मेळाव्याला माणसं फिरकेनात, तेव्हा आयोजकाने मुलांना मक्याचं चांगलं बियाणं वाटलं आणि शरद ऋतूत कणसांची स्पर्धा लावली. पोरांच्या मागोमाग आईबाप आले. ओहायोतल्या क्लार्क काउंटीत जानेवारी १९०२मध्ये एका शिक्षणाधिकाऱ्याने स्प्रिंगफील्डच्या कोर्टाच्या इमारतीच्या तळघरात मुलामुलींना गोळा केलं. ही मुलं आपापल्या शेतातली माती लिटमस कागदाने तपासत, निवडक बियाण्याचा मका लावत आणि भाजीपाला वाढवून निकाल लिहून काढत. हिरव्या चौपानी क्लोव्हरच्या खुणेची जी युवक चळवळ आज अमेरिकेच्या जवळजवळ प्रत्येक काउंटीत आहे, ती आपला जन्म त्या तळघरातला मानते.

दक्षिणेत हे लोण पोचलं ते अधिक जोरात. तिथे मुलाने एक एकर मका स्वतः करायचा, खर्चाचा आणि उत्पन्नाचा हिशोब ठेवायचा आणि कणसं जत्रेत मांडायची. १९१०मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका मुलाने एकरी २२८ बुशेल मका काढला, म्हणजे सुमारे ५८ क्विंटल. त्या राज्यातला शेतकरी तेव्हा सरासरी २० बुशेलच्या आतबाहेर होता. त्याच वर्षी त्याच राज्यात एका ग्रामीण शाळेतल्या शिक्षिकेने मुलींसाठी टोमॅटोचे गट काढले. प्रत्येकीला एकराचा दहावा हिस्सा. पीक मुलीनेच घ्यायचं, डब्यात भरून टिकवायचं आणि विकायचं, पैसा तिच्या हातात. बाईमाणसाच्या हाती रोकड क्वचितच पडे अशा घरांमध्ये ही बारीकसारीक गोष्ट नव्हती, आणि या इतिहासात तिला मक्याच्या विक्रमाइतकी जागा सहसा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जनावरं आली तेव्हा गुंता सुरू झाला. १९१०च्या सुमारास डुकरांचे गट निघाले, मागोमाग वासरांचे. गावोगावच्या बँकांनी मुलांना पिल्लू घ्यायला छोटी कर्जं दिली, वचनचिठ्ठीवर सही मुलाची. शिकवण अशी, की पिल्लू तुझं, कर्ज तुझं, नफा-तोटाही तुझा. पण त्या काळच्या शेतकी लिखाणात एक तक्रार वारंवार येते: वासरू पोराचं, विकताना मात्र गाय बापाची. पोराने वर्षभर शेण काढायचं, पेंड चारायची, आणि बाजारचा दिवस उजाडला की पैसे बापाच्या खिशात. मुलं शेती सोडून शहराकडे पळतात त्याचं एक कारण हेच, असं तेव्हाचे प्रचारक ठणकावून सांगत. म्हणून हिशोबाच्या वहीवर इतका भर. जनावर कितीला घेतलं, रोज किती भरडा खाल्ला, वजन किती भरलं, औषध कधी दिलं, विकून हातात काय उरलं, हे सगळं मुलाच्या अक्षरात. ती वही आजही ठेवावी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी ती पूर्ण केल्याशिवाय प्रकल्प संपला असं धरत नाहीत.

१९१४च्या कायद्याने केंद्र, राज्य आणि काउंटी यांच्या पैशातून कृषी विस्तार सेवा उभी राहिली आणि मुलांचे गट तिच्या छत्राखाली गेले. म्हणजे ही सरकारी पैशावर चालणारी गोष्ट झाली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांतला दक्षिणेचा इतिहास लख्ख नाही. काळ्या मुलांचे गट वेगळे, त्यांचे कर्मचारी वेगळे, बऱ्याच ठिकाणी जत्राही वेगळ्या. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर कागदोपत्री भेद गेला, पण गट एकाच रंगाचे राहिले, आणि नॉर्थ कॅरोलायनातलं प्रकरण १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. प्रवेश सगळ्यांना खुला असेल तर स्वेच्छेच्या गटांमध्ये सरमिसळ घडवून आणण्याची सक्ती राज्यावर नाही, असं तिथे ठरलं. माध्यमिक शाळांतून चालणारी शेतीशिक्षणाची दुसरी मोठी संघटना १९२८ची. तिने देशपातळीवर मुलींना सभासद करून घेतलं ते १९६९मध्ये.

आता विक्रीकडे वळू, कारण आजचा सगळा वाद तिथेच साठला आहे.

जत्रेत दोन वाटा असतात. पैदाशीच्या जनावराला रिबीन मिळते आणि ते घरी जातं. मांसासाठी वाढवलेलं जनावर जत्रेच्या शेवटी लिलावात जातं. बहुतेक ठिकाणी ते गावातली बँक, खाद्याचं दुकान, मोटारींचा विक्रेता किंवा निवडणुकीला उभा असलेला कोणी घेतो, आणि बाजारभावाच्या कितीतरी वर बोली लावतो. या वरच्या पैशातून मुलाचं कॉलेज निघावं, असा हेतू. ह्यूस्टनच्या प्रदर्शनात २०२२ साली पहिल्या क्रमांकाचा गोऱ्हा १० लाख डॉलरला गेला, आणि त्यातला ठरावीक वाटा मुलाला देऊन उरलेला शिष्यवृत्त्यांकडे वळवला गेला. छोट्या काउंटीत आकडे शेकड्यांत असतात, पण रीत तीच. खरेदीदाराला बहुधा मांस नकोच असतं. जनावरं त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये चढतात, आणि कत्तलखान्याशी करार आधीच झालेला असतो.

यातून एक नियम घट्ट झाला: मांसाच्या गटात नाव घातलं की परत फिरणं नाही. हरलं तरी, लिलाव झाला तरी, पोराने गळ्याला मिठी मारली तरी. नियमाच्या बाजूने जी कारणं दिली जातात ती पोकळ नाहीत. १९९४च्या ओहायो राज्य जत्रेत विजेत्या जनावरांत क्लेनब्युटेरॉल हे मांस वाढवणारं, बंदी असलेलं औषध सापडलं, काहींच्या कातडीखाली तेल टोचून अंग भरल्याचं उघड झालं, आणि राज्याला प्रदर्शनातल्या जनावरांसाठी वेगळा कायदा करावा लागला. जनावर थेट कत्तलखान्यात गेलं तर लघवी आणि मांस दोन्ही तपासता येतं. तेच विजेतं जनावर गावोगाव फिरवून बक्षिसं लुटण्याला आळा बसतो. आणि जो खरेदीदार चढा भाव देतो, त्याला आपण काय घेतलं हे ठाऊक असायला हवं.

शास्तातल्या प्रकरणात मात्र यातलं एकही कारण लागू नव्हतं, आणि म्हणूनच ते चिघळलं. नऊ वर्षांची मुलगी, वसंतात आणलेला बोकड, जून २०२२ची जत्रा. मुलीला तो विकवेना. लिलावाच्या आधीच घरच्यांनी माघार मागितली, मिळाली नाही. बोली ९०२ डॉलरला थांबली, त्यातले जत्रेच्या वाट्याचे होते ६३ डॉलर १४ सेंट. आईने बोकड तिथून नेला, दूरच्या एका गोठ्यात ठेवला, जत्रेचं होणारं नुकसान भरून देण्याची तयारी लेखी कळवली. खरेदीदाराच्या बाजूनेही अडवणूक झाली नाही. जत्रेच्या व्यवस्थापनाने तरीही नाही म्हटलं. तुम्हाला सूट दिली तर नियम पाळायचे नसतात हेच बाकीच्या मुलांना शिकवल्यासारखं होईल, असा त्यांचा सूर होता. चोरीची तक्रार झाली, शेरीफचे, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचे, लोक वॉरंट घेऊन शेकडो मैल गेले, बोकड ताब्यात आला आणि पुढे तो कापला गेला. कुटुंबाने फेडरल कोर्टात दावा लावला. २०२४मध्ये काउंटीने ३ लाख डॉलर देऊन आपल्यापुरता तो मिटवला.

मुद्दा बोकडाच्या जीवापुरता नाही. त्याच जत्रेत इतर कितीतरी जनावरं नेहमीप्रमाणे गेली, आणि ती वाढवणाऱ्या मुलांनी विचारपूर्वक पाठवली. मांस कुठून येतं हे ठाऊक असलेलं मूल मला ते ठाऊक नसलेल्या मोठ्या माणसापेक्षा शहाणं वाटतं. प्रश्न मालकीचा आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अल्पवयीन मुलाने केलेला करार त्याला मोडता येतो, ही तरतूद जुनी आहे, आणि दाव्यात तिचा आधार घेतला गेला. जत्रेचं म्हणणं, नाव नोंदवताना नियम मान्य केले होते. म्हणजे चारा घालताना, वही भरताना, लाळ पुसताना मालक ते मूल, आणि एकच निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा मालकी फॉर्मवर. बापाच्या गायीची ती जुनी तक्रार इथे नव्या कपड्यांत परत आली, एवढंच. फक्त बापाच्या जागी संस्था उभी होती, आणि तिच्या मागे पोलीस.

गेल्या काही वर्षांत नियमाला वेगळ्या दिशेनेही बळ मिळालं आहे, ते आजारांमुळे. २०१२च्या उन्हाळ्यात डुकरांकडून आलेल्या फ्लूच्या एका प्रकाराची ३००हून अधिक माणसांना लागण झाली. त्यात बहुतांश मुलं होती, आणि इंडियाना व ओहायोत सर्वांत जास्त. डुकरं जत्रेत ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, ही शिफारस तेव्हापासूनची. २०२०मध्ये करोनाने जत्राच बंद केल्या. आयोवाची राज्य जत्रा दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच रद्द झाली, आणि मुलांनी जनावरांचे व्हिडिओ पाठवून ऑनलाइन लिलाव केले. २०२४मध्ये दुभत्या गायींत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू पसरला. मिशिगनने दुभत्या गायी प्रदर्शनात आणायलाच मनाई केली, इतर बऱ्याच राज्यांनी आधी चाचणी मागितली. अनेक गावांची जनावरं एकत्र येऊन पुन्हा आपापल्या गोठ्यात गेली तर रोग पसरतो, म्हणून मांसाच्या जनावराने परत जाऊच नये, हे सांगणारे पशुवैद्य आता बरेच आहेत. त्यांचं म्हणणं कत्तलखान्याच्या ट्रकच्या सोयीपेक्षा वजनदार आहे. पण पैदाशीची जनावरं त्याच मांडवातून घरी जातात, याचं उत्तर त्यात नाही.

मांसाचा गट की पैदाशीचा, ही निवड जत्रेच्या किती तरी आधी होते. गोऱ्ह्याच्या कानाला बिल्ला लागतो आदल्या हिवाळ्यात, कोकरू-करडाला आणि डुकराला वसंतात. डुकराचं पिल्लू तेव्हा २५-३० किलोचं असतं, जत्रेपर्यंत ते ११० किलोच्या पुढे जातं. बहुतेक ठिकाणी मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की फॉर्म भरता येतो. अंतिम विक्रीची अट त्याच फॉर्मवर असते, आणि पालकाची सही तिच्याखाली.