डिस्ट्रिक्ट ९ म्हणजे हेलो नाही हो!

गेमिंगवाल्या ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं एकच गोष्ट फिरतेय की हेलो गेमवरचा पिक्चर बंद पडला म्हणून त्याचीच स्क्रिप्ट नावं बदलून डिस्ट्रिक्ट ९ हा एलियनवाला पिक्चर म्हणून काढली. अर्धं खरंय, अर्धं साफ चुकीचं.

खरं काय, तर लॉर्ड ऑफ द रिंग्जचा डायरेक्टर पीटर जॅक्सन हेलो प्रोड्यूस करणार होता, डायरेक्टर म्हणून नील ब्लॉमकॅम्प हा नवखा पोरगा घेतला होता आणि 2006 मध्ये युनिव्हर्सल आणि फॉक्स या दोन्ही स्टुडिओंनी हात काढून घेतले. मग जॅक्सन त्याच पोराच्या मागे उभा राहिला आणि डिस्ट्रिक्ट ९ प्रोड्यूस केला, हे मला आजही फार भारी वाटतं.

पण स्टोरी हेलोची नाहीच! ती आली ब्लॉमकॅम्पच्याच अलाइव्ह इन जोबर्ग या छोट्याशा फिल्ममधून, जी हेलो बंद पडायच्या आधीच बनलेली. त्यात जोहान्सबर्गची साधी माणसं कॅमेऱ्यासमोर वैतागून बोलतात, "यांना इथून हाकला" टाइप, आणि आपल्याला वाटतं एलियनबद्दल चाललंय, प्रत्यक्षात त्यांना विचारलेलं इतर आफ्रिकन देशांतून आलेल्या लोकांबद्दल. अंगावर काटा येतो राव.

2009 च्या डिस्ट्रिक्ट ९ मध्ये हिरो विकस हातात कागद घेऊन झोपडी-झोपडी फिरतो, एलियनकडून घर खाली करायच्या नोटिशीवर सही घेतो, ते थेट केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्सवरून, जिथून वर्णभेदाच्या काळात हजारो लोकांना उठवलं. हेलो गेमचा हिरो मास्टर चीफ, त्याचा यात काय संबंध? 2010 मध्ये या पिक्चरला बेस्ट पिक्चरसकट 4 ऑस्कर नॉमिनेशन्स मिळाली, ती या मातीतल्या गोष्टीला.