गुडिसन पार्कवरचे त्रेपन्न हजार

मार्च २०१९ मध्ये माद्रिदला अ‍ॅटलेटिको आणि बार्सिलोना यांच्या महिला संघांचा सामना ६०,७३९ लोकांनी पाहिला. महिला क्लब फुटबॉलमधला गर्दीचा विक्रम मोडला, अशा बातम्या तेव्हा झळकल्या. मोडलेला विक्रम होता १९२० सालचा. एखादा खेळ लोकांना हळूहळू आवडू लागला असता, तर तो आकडा मध्ये कितीदा तरी मागे पडला असता. तसं का झालं नाही, हे कळायला डिक-कर लेडीज या संघाची गोष्ट ठाऊक हवी.

इंग्लंडमधल्या लँकशर परगण्यात प्रेस्टन नावाचं गिरण्यांचं शहर आहे. ट्राम आणि रेल्वेची सामग्री बनवणारा डिक-कर कंपनीचा कारखाना तिथलाच. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यात दारूगोळा बनू लागला आणि यंत्रांवर बायका उभ्या राहिल्या. सुट्टीच्या वेळात आवारात चेंडू खेळणाऱ्या या मुलींनी ऑक्टोबर १९१७ मध्ये कारखान्यातल्या शिकाऊ पोरांशी सामना लावला. ग्रेस सिबर्ट त्यात पुढे होती. कचेरीत काम करणाऱ्या आल्फ्रेड फ्रँकलंडने त्यांचा खेळ पाहिला आणि संघ बांधायचं मनावर घेतलं.

पुरुषांची लीग १९१५ पासून बंद होती, त्यामुळे प्रेस्टन नॉर्थ एंडचं डीपडेल मैदान रिकामंच असायचं. १९१७ च्या नाताळच्या दिवशी तिथं पहिला मोठा सामना झाला. दुसऱ्या एका कारखान्याच्या महिला संघाला डिक-करने ४-० असं हरवलं. दहा हजार लोक आले होते. जमलेला पैसा जखमी सैनिकांच्या इस्पितळाला गेला, आणि पुढेही वर्षानुवर्षं हाच शिरस्ता राहिला.

१९२० हे वर्ष तर विलक्षणच. एप्रिलअखेरीस अ‍ॅलिस मिलिया फ्रान्सचा महिला संघ घेऊन आल्या. डीपडेलवर पंचवीस हजार लोक जमले. डिसेंबरात चक्क रात्री सामना झाला. त्यासाठी लष्कराचे सर्चलाइट लागणार होते. परवानगी दिली ती तेव्हाचे युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी. अंधारात दिसावा म्हणून चेंडूला चुना फासला होता.

मग नाताळचा दुसरा दिवस, २६ डिसेंबर. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर गाठ होती सेंट हेलेन्सच्या मुलींशी. मैदानात ५३,००० प्रेक्षक आणि फाटकाबाहेरून परत गेलेले हजारो. हुकमी गोल करणारी फ्लोरी रेडफर्ड गाडी चुकल्यामुळे पोचलीच नव्हती. पूर्वार्धात जेनी हॅरिसने एक गोल केला. उत्तरार्धात कर्णधार अ‍ॅलिस केल बचावफळी सोडून पुढे सरकली आणि तिने तीन गोल ठोकले. सामना ४-०. त्या एका दिवसात तीन हजार पौंडांहून अधिक मदतनिधी जमला.

वर्षही उलटलं नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला: हा खेळ बायकांसाठी अगदी अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देऊ नये. गोळा झालेल्या पैशातला फार मोठा वाटा खर्चात जातो, अशीही तक्रार होती. खेळू नका असं बायकांना सांगायचा अधिकार संघटनेला नव्हता. मैदानं मात्र तिच्या सदस्य क्लबांची होती. क्लबांनी बायकांना मैदान द्यायचं नाही, एवढं फर्मान पुरेसं ठरलं.

फुटबॉल बायकांच्या प्रकृतीला झेपत नाही, हे कारण मला पटत नाही. युद्धाची सगळी वर्षं याच बायका कारखान्यात राबल्या, तेव्हा त्यांच्या प्रकृतीची आठवण कुणाला झाली नाही. १९२१ मध्ये नोकऱ्या सांभाळून डिक-करने ६७ सामने खेळले होते. पुरुषांची लीग पुन्हा सुरू झालेली, आणि गर्दी बायकांकडे वळत होती. त्यात खाणमालकांनी केलेल्या टाळेबंदीत सापडलेल्या खाणकामगारांच्या कुटुंबांसाठीही महिला संघ सामने भरवू लागले होते. सैनिकांसाठीची वर्गणी सगळ्यांना चालली. ही कित्येकांना खुपली असणार.

संघ मोडला नाही. १९२२ मध्ये तो अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या संघांशी खेळला. घरी परतल्यावर मिळेल त्या मैदानावर खेळत राहिला. कारखान्याशी बिनसल्यावर १९२६ मध्ये त्याने प्रेस्टन लेडीज असं नाव घेतलं. या सगळ्या काळात संघाचा कणा होती लिली पार. सेंट हेलेन्सची ही डावखुरी, उंचीने जवळजवळ सहा फूट मुलगी चौदाव्या वर्षी आली आणि १९५१ पर्यंत डाव्या विंगवर खेळली. पोटापाण्यासाठी ती मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारिका होती. तिच्या गोलांची संख्या नऊशेच्या वर सांगतात.

खेळाडू मिळेनात म्हणून १९६५ मध्ये संघ बंद झाला. ८२८ सामने, ७५८ विजय, ४६ बरोबरी, २४ पराभव. मैदानांवरची बंदी उठली १९७१ मध्ये, आणि संघटनेने तिच्याबद्दल माफी मागितली २००८ मध्ये. लिली पार १९७८ मध्ये वारली. मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात तिचा पुतळा बसला तो २०१९ मध्ये, माद्रिदचा तो सामना झाला त्याच वर्षी.