बॉर्डरला किती टाइल्स लागतील? ऑर्डरआधी एवढे वाचा

जमिनीला कडेने वेगळ्या रंगाची बॉर्डर घालायची असेल, तर तिचे क्षेत्रफळ काढायला टेप आणि कागद पुरेत. आयतामधून आयत वजा करायचा, बस्स.

खोली १२ × १० फूट आणि बॉर्डर भिंतीलगत १ फूट रुंद आहे असे धरू. पूर्ण खोली १२० चौरस फूट. मधला भाग ११ × ९ नव्हे, तर १० × ८, कारण बॉर्डर दोन्ही बाजूंनी जागा खाते. म्हणजे ८० चौरस फूट. उरले ४०, तीच बॉर्डर.

आमच्याकडे येणाऱ्या कागदांवर सर्वांत जास्त चुका इथेच दिसतात. १ फूट एकदाच वजा केला की १२० − ९९ = २१ येतात. गंमत म्हणजे हे २१ अगदीच खोटे नाहीत. ६ इंची बॉर्डरचे ते बरोबर उत्तर आहे! पण आपल्याला हवी आहे फुटाची, तेव्हा निम्मे काम झाल्यावर माल संपणार.

काही जण परिमिती गुणिले रुंदी करतात: ४४ × १ = ४४. यात चारही कोपरे दोनदा मोजले जातात. ते ४ चौरस फूट वजा केले की पुन्हा ४०. पट्टा आयताच्या बाहेरून असेल, उदाहरणार्थ हिरवळीभोवतीची वाट, तर उलटे होते. कोपरे मोजायचेच राहतात, म्हणून ४४ + ४ = ४८. पडताळा घ्या: १४ × १२ मधून १२० वजा.

इंचांचे फूट करताना सांभाळा. ९ इंच म्हणजे ०.७५ फूट, ०.९ नाही. याच खोलीत ९ इंची बॉर्डर ३०.७५ चौरस फूट भरते; ०.९ धरली तर ३६.३६. साडेपाच चौरस फुटांहून जास्त माल उगाच.

आणखी एक. खोली काटकोनात आहे का, हे डोळ्यांवर सोडू नका. समोरासमोरच्या भिंती सारख्या भरल्या तरी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर खोली तिरकी आहे आणि वरचा हिशेब अंदाजापुरताच धरा.

कोपऱ्यात टाइल ४५ अंशांत कापून जोडायची असेल तर तुकडे वाया जातात. ते या क्षेत्रफळात धरलेले नाहीत. म्हणून आम्हाला नुसता चौरस फुटांचा आकडा कळवू नका. लांबी, रुंदी, पट्ट्याची रुंदी आणि पट्टा मापाच्या आत की बाहेर, एवढे लिहून द्या. कटिंगचे जास्तीचे आम्ही धरू.